आजीचं ओगराळं आणि शाळेतला नळ



परवा आपल्या मंडळाच्या बैठकीत मी "जरा थांबूया" म्हटलं आणि क्षणभर सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. विषय तुम्हाला माहीत आहे. दशलक्षण पर्वासाठी जमा झालेल्या रकमेतून जवळच्या शाळेला काहीतरी द्यायचं ठरलं होतं. सुचवलं गेलं ते असं: सेन्सरचे नळ, म्हणजे हात खाली धरला की आपोआप पाणी, आणि वर्गाच्या दाराशी हात पुढे केला की फवारा देणारी सॅनिटायझरची यंत्रं. वर मंडळाच्या नावाची छोटी पाटी. सगळ्यांना आवडलं. मी थांबा म्हटल्यामुळे माझा विरोध आहे असं झालं, आणि बैठकीत बोलताना माझं नेहमी अर्धं राहून जातं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी एक स्पष्ट करते. हात न लावता हात धुता यावेत, याला माझा विरोध नाही. उलट ही गरज मला फार जवळून कळली आहे.

२०२३ चा जुलै आठवा. आळंदीपासून सुरू झालेली डोळ्यांची साथ बघता बघता राज्यभर पसरली. आपल्याकडे विरार-नालासोपाऱ्यातही घरोघरी लाल डोळे आणि काळे चष्मे. माझी धाकटी तेव्हा चौथीत होती. एका दुपारी शाळेतून आली ती डोळे चोळतच. तिसऱ्या दिवशी थोरल्याला, पाचव्या दिवशी सासूबाईंना. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. त्या आठवड्यात मी जी धास्ती घेतली, ती अजून आठवते. डोळे निभावले, पण एक गोष्ट डॉक्टरांनी नीट समजावली. नजरेला नजर दिली की डोळे येतात, हा आपला जुना समज चुकीचा आहे. रोग नजरेतून जात नाही, हातातून जातो. मूल डोळा चोळतं, तोच हात बाकाला, डब्याला, नळाला लागतो. दुसरं मूल त्याच नळाला हात लावतं आणि आपला डोळा चोळतं.

नंतरच्या पालक सभेला मी मुद्दाम लवकर गेले आणि मधल्या सुट्टीत हात धुण्याच्या जागेशी उभी राहिले. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. सहा नळ, त्यातले दोन बंद. नळ फिरकीचे. मुलं डबा खाण्याआधी धावत येत होती. मातीचा हात, नाक पुसलेला हात, त्या हाताने फिरकी फिरवायची, हात ओले करायचे आणि त्याच फिरकीला धरून नळ बंद करायचा. माझी मुलगी मात्र, मी बजावलं होतं म्हणून, कोपराने नळ बंद करायचा प्रयत्न करत होती. गोल फिरकी कोपराने फिरते का कधी? शेवटी तिने हातानेच बंद केला आणि माझ्याकडे बघून ओशाळली.

त्या क्षणी मला लक्षात आलं की नळाला आपण दोनदा हात लावतो, एकदा घाण हाताने आणि एकदा स्वच्छ हाताने. मधे कितीही छान धुतलं तरी दुसऱ्या वेळी पहिल्याचं सगळं परत हातावर येतं, आपलंही आणि आपल्या आधी आलेल्या पन्नास मुलांचंही. शौचालयाच्या कडीचंही तेच आणि पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेल्या पेल्याचंही तेच.

आता आपल्या घरात या. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. आजीच्या स्वयंपाकघरात गाळलेल्या पाण्याची घागर, तिच्यावर झाकण, आणि शेजारी भिंतीला टांगलेलं लांब दांड्याचं ओगराळं. घागरीत हात घालायचा नाही, पेला बुडवायचा नाही. ओगराळ्याने पाणी काढायचं, पेल्यात ओतायचं, पेला तोंडाला न लावता वरून प्यायचं. खरकट्या हाताने घागरीकडे गेलं की आजीचा आवाज चढायचा. तिला विषाणू, जिवाणू हे शब्द ठाऊक नव्हते. पण पिण्याच्या पाण्याला बोटं लागू नयेत, एवढ्यासाठी एक वीतभर दांडा पुरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्पर्शाविना चालणारं उपकरण म्हणजे शेवटी तेच तर आहे. आपल्या घरात ते पिढ्यान् पिढ्या आहे. त्याला बॅटरी लागत नाही, एवढाच फरक.

आणि माझा मुद्दा त्या बॅटरीपाशीच आहे.

सेन्सरचा नळ हा आतून नाजूक असतो. समोर हात आला हे ओळखणारा डोळा, त्याच्या इशाऱ्यावर उघडणारी छोटी विजेची झडप, आणि झडपेच्या आधी बारीक जाळी. पाणी स्वच्छ असेल, दाब नीट असेल, वीज किंवा सेल चालू असेल, तर काम सुरेख. विमानतळावर आपण बघतोच. पण आपलं पाणी कसलं आहे? वसई-विरारला सूर्या प्रादेशिक योजनेतून रोज १८५ दशलक्ष लिटर पाणी ठरलेलं आहे, आता परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे हेही खरं. तरीही आपल्यापैकी किती जणींच्या इमारतीत अजून टँकर येतो? वापराला बोअरिंगचं मचूळ पाणी किती ठिकाणी आहे? त्या पाण्याने आपल्या न्हाणीघरातल्या शॉवरची भोकं सहा महिन्यांत पांढरी होऊन बुजतात. त्या बारीक जाळीचं काय होईल? पावसाळ्यात वीज गेली की तासन् तास येत नाही. सेन्सरचा नळ बंद पडला की तो सहसा हाताने उघडताही येत नाही. म्हणजे साथीच्या दिवसांतच, ऐन पावसाळ्यात, मुलांना पाणीच नाही. आणि सुटा भाग आणायला कोण जाणार, पैसे कोण देणार, हे पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

याविषयी वाचताना एक गोष्ट सापडली, ती सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स या नावाजलेल्या रुग्णालयात जंतू कमी व्हावेत म्हणून सेन्सरचे नळ बसवले होते. २०११ मध्ये तिथल्याच तज्ज्ञांनी तपासणी केली, तर सेन्सरच्या नळांच्या निम्म्या नमुन्यांत लिजिओनेला नावाचे जिवाणू निघाले. साध्या हाताच्या नळांत हे प्रमाण १५ टक्के होतं. आतल्या झडपेचे जास्तीचे भाग जंतूंना राहायला जागा देतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी ते नळ काढून साधे बसवले. हे जिवाणू मुख्यतः आधीच आजारी असलेल्यांना त्रास देतात, त्यामुळे शाळेतल्या मुलांसाठी घाबरून जायचं कारण नाही. पण महाग म्हणजे स्वच्छ, हे गणित तिथे चुकलं, एवढं आपण लक्षात ठेवावं.

सॅनिटायझरच्या यंत्रांबद्दलही तसंच. हाताला माती, तेल, डब्यातली भाजी लागलेली असेल तर सॅनिटायझर नीट काम करत नाही. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर तर त्याचा प्रभाव फारच कमी. मुलांचे हात दिवसभर मळलेलेच असतात, त्यांना साबण-पाणीच हवं. आणखी एक. फ्रान्समध्ये २०२० साली मुलांच्या डोळ्यांत सॅनिटायझर जाण्याच्या घटना आदल्या वर्षाच्या सातपट झाल्या. कारण साधं होतं. यंत्रं मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर, म्हणजे लहान मुलांच्या नेमकी डोळ्यासमोर होती. डोळ्यांची साथ टाळायला आणलेल्या यंत्राने डोळेच जाळून घ्यायचे, याला काय म्हणावं?

मग करायचं काय? माझ्या मते पायाचा नळ. खाली पट्टी, तिच्यावर पाय ठेवला की पाणी सुरू, पाय काढला की बंद. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर डॉक्टर असेच हात धुतात. २०२० मध्ये दुकानादुकानांत, मंदिराच्या दारातही पायाने दाबायची सॅनिटायझरची स्टँड उभी होती, ती आठवा. त्यात वीज नाही, सेल नाही, बिघडलं तर गल्लीतला प्लंबर दुरुस्त करतो. तेवढंही जमणार नसेल तर खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी आणखी सोपी युक्ती आहे. तिला 'टिपी टॅप' म्हणतात. १९८० च्या दशकात झिम्बाब्वेमध्ये ती निघाली. पाच लिटरचा रिकामा डबा आडव्या काठीला टांगायचा, वर एक भोक पाडायचं, दोरी बांधून खाली जमिनीलगत काठी जोडायची. काठीवर पाय दाबला की डबा कलतो आणि बारीक धार लागते. शेजारी दोरीला साबण बांधलेला. फिलिपाइन्समधल्या सरकारी शाळांत तर एका लांब पाइपला ओळीने भोकं पाडतात. शिक्षक एकदाच चावी उघडतात आणि दहा-पंधरा मुलं एका रांगेत, एकाच वेळी हात धुतात. एकाही मुलाचा हात नळाला लागत नाही. आणि सगळे मिळून धुतात म्हणून कुणी चुकवतही नाही.

आम्ही मागवलेल्या दरपत्रकात चार सेन्सर नळांच्या पैशांत दहा पायाचे नळ, बसवण्याची मजुरी आणि वर्षभराचा साबण बसतो. आकडे बैठकीच्या वहीत आहेत, कुणीही बघा.

यावर बैठकीत एका आजींनी मनापासून शंका काढली, "अगं, पाण्याला पाय लावायचा?" शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपण पाण्याला जीव मानतो. पण आजी, पाय पट्टीला लागतो, पाण्याला नाही. आणि ज्या कापडाने आपण पाणी गाळतो, ते हातमागावर विणणारा विणकरही पायानेच पावड्या दाबायचा. त्याने कापड अपवित्र झालं का?

दुसरी शंका मला माझ्या जावेने फोनवर विचारली. जंतू म्हणजे जीवच ना, मग त्यांना मारायची उपकरणं आपण दान कशी द्यायची? याचं उत्तर मी माझ्या अल्पबुद्धीने देते, चुकलं तर जाणकारांनी सांगावं. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. संसारात राहून होणारी आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, ती यत्नाने कमी करायची असते. आपण पाणी गाळतो, जिवाणी परत पाण्यात सोडतो, ओलं खरकटं साठू देत नाही. जीव उत्पन्न होऊन मग मारावे लागू नयेत, म्हणून आधीच जपतो. शाळेतलं हात धुणंही असंच बघावं. साबण-पाण्याने आपण बहुतेक जंतू हातावरून वाहून घालवतो. रोग पसरला तर मात्र औषधांवर औषधं, फवारण्यांवर फवारण्या होतात. मुनिमहाराजांच्या पाच समित्यांत आदाननिक्षेपण आहे, म्हणजे वस्तू उचलताना-ठेवताना जपणं. प्रतिष्ठापन आहे, म्हणजे मलमूत्र, शेंबूड टाकताना जपणं. त्या व्रतांची उंची आपल्याला कुठली? पण कुठे हात लावतो आणि कुठे शिंकतो याचं भान मुलांना देणं, ही त्याच वाटेवरची छोटी पायरी आहे असं मला वाटतं.

शिवाय पाणी वाचतं. मी घरी मापाचं भांडं लावून बघितलं. साबण लावताना नळ चालू ठेवून वीस सेकंद हात धुतले तर जवळजवळ दोन लिटर पाणी गेलं. साबण लावताना बंद ठेवलं तर अर्ध्या लिटरात काम झालं. पायाचा नळ पाय काढला की आपोआप बंद. सहाशे मुलांच्या शाळेत दिवसातून एकदा हात धुण्यातच नऊशे लिटरचा फरक. टँकरच्या गावात ही अहिंसाही आहे आणि शहाणपणही.

आता थोडं अवघड लिहिते. 'स्पर्शाविना' हा शब्द आपल्या देशात साधा नाही. आजीचं ओगराळं मी कौतुकाने सांगितलं, पण एक गोष्ट मी सांगायची टाळत होते. त्याच ओगराळ्याने आजी अंगणात काम करायला येणाऱ्या बाईच्या ओंजळीत वरून पाणी घालायची. घरातल्या कुणालाही घागरीत हात घालू द्यायची नाही, हे खरं. पण आम्हाला पेला मिळायचा, त्या बाईला नाही. आजीला मी वाईट म्हणणार नाही, पण ते बरोबर होतं असंही म्हणणार नाही. पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. आणि आपल्याच समाजात, कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी लहानपणी, विहिरीवर दलितांना पाणी भरू देत नाहीत म्हणून रहाटच मोडून टाकला, ही गोष्ट माहेरी घराघरात सांगतात. पुढे साताऱ्याला १९२४ मध्ये त्यांनी वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

हे आत्ता का काढलं? कारण बैठकीत एक वाक्य कानावर आलं, "आपली मुलं जातात त्या मजल्यावर तरी बसवून घेऊ." मैत्रिणींनो, नाही. रोग मजला बघत नाही, आणि दान तर मुळीच बघू नये. पायाच्या नळाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच की तिथे कुणाचाच हात लागत नाही. कुणाचा चालतो आणि कुणाचा चालत नाही, हा प्रश्नच उरत नाही. पट्टीवर सगळ्यांचे पाय सारखे. शाळेतल्या सेविकाताईंचाही.

त्या सेविकाताईंबद्दलही बोललं पाहिजे. साबण भरणार त्या, जागा पुसणार त्या, तुंबलेलं काढणार त्या. आपण उपकरण देऊ, पण त्यांना हातमोजे, झाडू, महिन्याचा साबण वेळेवर मिळाला नाही तर पुढच्या वर्षी तिथे शेवाळ आणि आपली पाटी, एवढंच दिसेल. साचलेल्या पाण्यात जीव होतात, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आणि एक प्रामाणिक कबुली. पायाचे नळ बसवले म्हणून मुलं आजारी पडायची थांबणार नाहीत. सर्दी-ताप, गोवर हे बरंचसं हवेतून पसरतं. त्यासाठी वर्गाच्या खिडक्या उघड्या हव्यात, आणि ताप आलेल्या मुलाला "परीक्षा आहे" म्हणून शाळेत ढकलायची आपलीच सवय सुटायला हवी. डोळ्यांच्या साथीत माझी मुलगी घरी राहिली, पण आदल्या दिवशी डोळे जरा लाल दिसत होते तरी मी तिला पाठवलं होतं. तो दोष नळाचा नव्हता.

तर माझं म्हणणं एवढंच. सेन्सर आणि फवाऱ्याची यंत्रं नकोत. सगळ्या मजल्यांवर पायाचे नळ, त्यातले दोन पहिली-दुसरीच्या मुलांच्या उंचीचे. नळाशेजारी जाळीच्या पिशवीत टांगलेला साबण. साखळीचा पेला काढून प्रत्येकाची आपली बाटली. उरलेल्या पैशांतून वर्षभराचा साबण आणि सेविकाताईंचं साहित्य. आणि दर महिन्याला आपल्यातल्या दोघींनी जाऊन बघून यायचं, नळ चालू आहेत का, साबण आहे का. पहिला महिना माझा, दुसरी कुणीतरी नाव द्या.

पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर मंडळाच्या नावाऐवजी मुलांना कळेल असं लिहूया: आधी साबण, मग पाणी, नळाला हात नको.

पुढची बैठक रविवारी मंदिरात पूजेनंतर आहे. पटलं नसेल तर तिथे जरूर भांडा, मीही तयारीने येते. आणि येताना घरातलं जुनं लांब दांड्याचं ओगराळं कुणाकडे असेल तर घेऊन या. माझ्या मुलीला दाखवायचं आहे. तिला वाटतं, हात न लावता पाणी घेण्याचा शोध तिच्या शाळेतच लागणार आहे.

जय जिनेंद्र!